दूध संस्थेच्या सभासद-पोर्टलमध्ये पासवर्ड हॅशिंग नीट कसे बसवावे

कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्था नाही असे गाव शोधून काढावे लागेल. सभासदाला आपले लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर दहा दिवसांचे बिल मोबाइलवर दिसावे, अशी मागणी आता या संस्थांकडून होऊ लागली आहे. असे काम बहुतेक वेळा राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत तीन-चार जणांनी चालवलेल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडे येते. तिथे बिलाचे गणित, पावतीची छपाई आणि बँकेची यादी यांत वेळ जातो, आणि पासवर्ड साठवण्याचा भाग जुन्या प्रोजेक्टमधून जसाच्या तसा उचलला जातो. हा लेख नेमक्या त्या भागाविषयी आहे. हॅशिंग म्हणजे पासवर्डावरून उलट फिरवता न येणारी सांकेतिक ओळ काढून, पासवर्डाऐवजी तीच साठवणे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक पोर्टल धरू. काही संस्था मिळून पाच हजार सभासद आहेत. दोन कोअर आणि चार जीबी मेमरी असलेला भाड्याचा सर्व्हर आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएल एकाच मशीनवर चालतात. आणि जुन्या तक्त्यात पासवर्ड एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीने ठेवलेले आहेत. जँगो, लाराव्हेल, नोड किंवा स्प्रिंग वापरणाऱ्यांनाही पायऱ्या त्याच लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

आधी धोका नेमका ओळखावा

लॉगिनच्या पानावर बसून कोणी पासवर्डचे अंदाज मारत असेल तर त्याला रोखण्याचे काम प्रयत्नांवरच्या मर्यादेचे आहे, हॅशिंगचे नव्हे. हॅशिंगचा उपयोग डेटाबेसची प्रत बाहेर गेल्यानंतर सुरू होतो. एसक्यूएल इंजेक्शनमधून (फॉर्ममधून डेटाबेसला आज्ञा घुसवण्याचा हल्ला), चुकून सार्वजनिक फोल्डरमध्ये राहिलेल्या बॅकअपमधून किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपमधून ती प्रत हल्लेखोराच्या हाती पडते. मग तो आपल्या सर्व्हरला हातही न लावता, स्वतःच्या मशीनवर, हवे तितके अंदाज तपासू शकतो. त्याचा प्रत्येक अंदाज महाग करणे एवढेच आपल्या हातात उरते.

आकडे घेऊन पाहू. सभासदांचे पासवर्ड ओळखायला फार डोके लागत नाही: अंबाबाईचे नाव आणि पुढे १२३, मुलाचे नाव आणि जन्मवर्ष, नाहीतर गाडीचा नंबर. कोल्हापूर आरटीओचा एमएच०९ हा भाग सर्वांनाच ठाऊक असतो. त्यापुढे दोन अक्षरे आणि चार अंक उरतात, म्हणजे २६ × २६ × १०,००० अशा ६७,६०,००० शक्यता. गेमिंगसाठी विकले जाणारे एक वरच्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड एमडी५चे सेकंदाला दहा हजार कोटींहून अधिक हॅश काढते, त्यामुळे ही सगळी यादी संपायला त्याला एका सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. तेच कार्ड, मुद्दाम संथ ठेवलेल्या बीक्रिप्ट या अल्गोरिदमच्या १२ या कॉस्टवर (कॉस्ट म्हणजे एका हॅशसाठीच्या कामाचे प्रमाण) सेकंदाला ढोबळमानाने दीड हजारच्या आसपास अंदाज तपासू शकते; म्हणजे एका खात्यासाठी सुमारे सव्वा तास, आणि प्रत्येक खात्याचा सॉल्ट (पासवर्डात मिसळलेले यादृच्छिक बाइट) वेगळा असल्यामुळे पाच हजार खात्यांसाठी आठ-नऊ महिने.

या हिशेबातून एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. गाडीचा नंबर पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्या एका ठरावीक सभासदाच्या मागे कोणी हात धुऊन लागला, तर उत्तम हॅशिंगही त्याला कायमचे वाचवत नाही. त्यातून वेळ मिळतो, आणि त्या वेळात गळती लक्षात येऊन सर्वांचे पासवर्ड बदलून घेता येतात.

सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डसाठी स्वतंत्रपणे काढलेले यादृच्छिक बाइट. ही कल्पना नवी नाही. युनिक्सच्या संदर्भात रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९मध्येच ती मांडली होती. तरीही २०१२मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले तेव्हा ते सॉल्टविना एसएचए-१ केलेले निघाले, आणि २०१६मध्ये त्याच गळतीतील ११ कोटी ७० लाख खात्यांचा डेटा विक्रीला आल्याचे उघड झाले. आजच्या लायब्रऱ्या सॉल्ट स्वतःच तयार करतात आणि हॅशसोबतच साठवतात. म्हणून सॉल्टसाठी वेगळा रकाना करणे, सभासद क्रमांक किंवा मोबाइल नंबर सॉल्ट म्हणून वापरणे, किंवा सर्वांना एकच सॉल्ट लावणे, यांपैकी काहीही आढळले तर तो कोड काढून टाकावा.

अल्गोरिदम निवडणे

या प्रश्नावर जितका खल केला जातो तितकी त्याला आता गरज उरलेली नाही. एमडी५, एसएचए-१ आणि एसएचए-२५६ ही कुटुंबे मुळात वेगासाठी बनवलेली असल्यामुळे एकटी वापरली तर पासवर्डसाठी निरुपयोगी आहेत. उरलेल्यांत पहिली पसंती आर्गॉन२आयडीला द्यावी. आर्गॉन२ हा २०१५मध्ये पासवर्ड हॅशिंग कॉम्पिटिशनचा विजेता ठरला, आणि २०२१मध्ये आरएफसी ९१०६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात त्याचा तपशील प्रसिद्ध झाला. प्रत्येक अंदाजासाठी तो ठरावीक मेमरी अडवून ठेवतो, त्यामुळे हजारो अंदाज समांतर चालवण्याचा ग्राफिक्स कार्डाचा फायदा बराच कमी होतो.

बीक्रिप्ट १९९९चा आहे, नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएरेस यांचा. वय झाले असले तरी १२ किंवा त्याहून अधिक कॉस्टवर तो आजही चालण्याजोगा आहे, आणि शेअर्ड होस्टिंगवर बहुधा तोच हाती असतो. एसक्रिप्ट चांगला आहे, पण आर्गॉन२आयडी उपलब्ध असताना नव्या प्रकल्पात तो घेण्याचे खास कारण दिसत नाही. पीबीकेडीएफ२ फक्त तिथेच घ्यावा, जिथे ग्राहकाने फिप्स या अमेरिकी सरकारी मानकाने प्रमाणित क्रिप्टोग्राफीची अट घातली आहे. तिथे एसएचए-२५६सह ६,००,००० आवर्तने ही ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस पाळावी.

पीएचपीमध्ये आर्गॉन२आयडी ७.३पासून आहे, परंतु ती सोय संकलनाच्या वेळी जोडलेली असावी लागते. म्हणून होस्टिंगवर सर्वप्रथम पासवर्ड_अल्गोज हे फंक्शन चालवून उपलब्ध अल्गोरिदमांची यादी पाहावी. लॅपटॉपवर आर्गॉन२आयडी आहे आणि सर्व्हरवर नाही, हे कोड चढवण्याच्या दिवशी कळणे गैरसोयीचे असते.

आकडे सर्व्हरवर मोजून ठरवणे

खरे कॉन्फिगरेशन इथे आहे, आणि सर्वांत जास्त घाईही इथेच होते. आर्गॉन२आयडीला तीन आकडे द्यावे लागतात: मेमरी, आवर्तने आणि समांतर धागे. ओवास्पने दिलेल्या किमान पर्यायांपैकी एक १९ एमआयबी (मेबिबाइट, साधारण एमबीइतकेच) मेमरी, २ आवर्तने आणि १ धागा असा आहे; दुसरा ४६ एमआयबी, १ आवर्तन आणि १ धागा असा. आरएफसी ९१०६चा कमी मेमरीच्या मशीनसाठीचा पर्याय ६४ एमआयबी, ३ आवर्तने आणि ४ धागे सांगतो. पीएचपीचे स्वतःचे डीफॉल्ट ६४ एमआयबी, ४ आवर्तने आणि १ धागा आहे. जँगोचा आर्गॉन२ हॅशर तर १०० एमआयबी, २ आवर्तने आणि ८ धागे घेऊन येतो.

हे आकडे उचलण्यापूर्वी बिलाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. दहा दिवसांचे बिल जमा झाल्याचा संदेश सकाळी सात वाजता सर्वांना जातो, आणि पुढच्या काही मिनिटांत शेकडो सभासद पोर्टल उघडतात. त्यांपैकी एका क्षणी ४० जणांचे लॉगिन चालू आहे असे धरले, तर १९ एमआयबीच्या हिशेबाने फक्त हॅशिंगला ७६० एमआयबी लागतात. पीएचपीच्या डीफॉल्टने तोच आकडा २,५६० एमआयबी होतो, आणि जँगोच्या डीफॉल्टने ४,००० एमआयबी, म्हणजे जवळपास अख्खा सर्व्हर. त्याच मशीनवर मायएसक्यूएलही बसलेले आहे, त्यामुळे मेमरी संपली की लिनक्स सर्वांत जाड प्रोसेस मारून टाकतो, आणि ती बहुधा डेटाबेसची असते. सभासदांना दिसते ते एवढेच, की बिलाच्या दिवशी साइट बंद आहे.

म्हणून दोन मर्यादा एकत्र ठरवाव्यात. पीएचपी-एफपीएम या पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या सेवेत एकाच वेळी चालणाऱ्या चाइल्ड प्रोसेसची जी कमाल संख्या ठेवलेली असते, तीच एकाच वेळी चालणाऱ्या हॅशची वरची मर्यादा असते. डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लागणारी मेमरी बाजूला काढून उरलेल्या मेमरीत, या संख्येइतके हॅश आणि त्या प्रोसेसची स्वतःची मेमरी, दोन्ही बसले पाहिजेत. इथे एक बारकावा आहे: आर्गॉन२ ज्या मेमरीत काम करतो ती पीएचपीच्या मेमरी लिमिटमध्ये धरली जात नाही, त्यामुळे त्या सेटिंगच्या भरवशावर राहू नये. आपल्या उदाहरणातील सर्व्हरवर १९ एमआयबी, २ आवर्तने, १ धागा येथून सुरुवात करणे योग्य ठरेल.

यानंतर वेळ मोजावा, आणि तोही लॅपटॉपवर न मोजता प्रत्यक्ष सर्व्हरवर, शक्य असल्यास डेटाबेसवर थोडा भार असताना. एकच हॅश शंभर वेळा काढून सरासरी पाहावी. मग तेच काम एकाच वेळी दहा आणि वीस प्रोसेसमधून करून पाहावे, कारण एकट्या हॅशचा वेळ गर्दीत टिकत नाही. एका हॅशला सीपीयूचा पाव सेकंद लागत असेल, तर दोन कोअरवर सेकंदाला जास्तीत जास्त आठ लॉगिन होतील, आणि एकदम आलेल्या चारशे सभासदांपैकी शेवटच्याला ५० सेकंद थांबावे लागेल. हे चालणार नसेल तर वेळ कमी करावा, किंवा सत्राची मुदत वाढवून दर दहा दिवसांनी नव्याने लॉगिन करण्याची गरजच कमी करावी. दुसरा उपाय मला अधिक पटतो. मोजून वेळ अगदीच कमी भरला तर आवर्तने वाढवावीत, पण ओवास्पच्या किमान पर्यायांच्या खाली मात्र जाऊ नये.

बीक्रिप्टमध्ये एकच आकडा असतो, कॉस्ट. तो एकाने वाढवला की काम दुप्पट होते. पीएचपीचे डीफॉल्ट बरीच वर्षे १० होते आणि ८.४ या आवृत्तीत ते १२ झाले. जुन्या आवृत्तीवर असणाऱ्यांनी १२ स्वतः लिहावे. स्प्रिंग सिक्युरिटीचा बीक्रिप्ट एन्कोडर अजून १०वरच सुरू होतो. लाराव्हेलमध्ये बीक्रिप्ट राउंड्स हे मूल्य एन्व्ह फाइलमधून येते, आणि टेस्ट लवकर संपाव्यात म्हणून टेस्टच्या सेटिंगमध्ये ते ४ ठेवण्याची पद्धत आहे. ते ४ प्रत्यक्ष सर्व्हरवर जाऊ नये यासाठी ॲप्लिकेशन सुरू होतानाच मूल्य तपासून, ते १२पेक्षा कमी असल्यास थांबण्याची सोय करावी.

नोड वापरणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. हॅशिंगची सिंक पद्धत वापरली, तर तो पाव सेकंद संपूर्ण सर्व्हर दुसऱ्या कोणालाही उत्तर देत नाही. असिंक पद्धतच वापरावी, आणि शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या बीक्रिप्टऐवजी नेटिव्ह पॅकेज घ्यावे, कारण आपली बाजू जितकी मंद, तितकी कमी कॉस्ट आपल्याला परवडते.

साठवण

हॅशचा निकाल स्वतःविषयीची सर्व माहिती सोबत घेऊन येतो. आर्गॉन२आयडीची ओळ साधारण अशी दिसते:

$आर्गॉन२आयडी$व्ही=१९$एम=१९४५६,टी=२,पी=१$सॉल्ट$हॅश

अल्गोरिदम, आवृत्ती, मेमरी केआयबीमध्ये, आवर्तने, धागे, मग सॉल्ट आणि शेवटी हॅश. तपासणीचे फंक्शन हे आकडे ओळीतूनच वाचते, म्हणून जुन्या आणि नव्या सेटिंगचे हॅश एकाच रकान्यात सुखाने राहू शकतात. ही ओळ सुमारे शंभर अक्षरांची होते, तर बीक्रिप्टची ६० अक्षरांची. एमडी५च्या काळातला ३२ अक्षरांचा रकाना तसाच राहिला आणि मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये नसेल, तर ओळ निमूटपणे कापली जाते आणि नव्या सभासदाला कधीच लॉगिन होत नाही. रकाना २५५ अक्षरांचा करावा. तुलना एसक्यूएलच्या व्हेअर अटीत करू नये. ओळ वाचून पासवर्ड_व्हेरिफायकडे द्यावी.

७२ बाइट आणि देवनागरी पासवर्ड

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा देवनागरीच्या अंगाने येत नाही, आणि मराठी सभासदांसाठी पोर्टल करणाऱ्याला तो टाळता येत नाही. बीक्रिप्ट पासवर्डचे फक्त पहिले ७२ बाइट वापरतो. रोमन लिपीत ७२ बाइट म्हणजे ७२ अक्षरे, म्हणून तिकडे कोणाचे काही अडत नाही. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. "कोल्हापूर" हा शब्द वाचताना चार अक्षरांचा वाटतो. साठवताना तो नऊ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटांचा असतो.

समजा एखाद्या सभासदाने, लांब वाक्य सुरक्षित असते हा सल्ला मानून, "पांढऱ्या रश्शाची वाटी दोनदा" असा पासवर्ड ठेवला. पहिल्या शब्दात आठ चिन्हे, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात चार आणि चौथ्यात पाच. एकूण २४ चिन्हांचे ७२ बाइट आणि तीन मोकळ्या जागांचे तीन, असे ७५ बाइट होतात. बीक्रिप्ट शेवटचे तीन बाइट सोडून देतो, म्हणजे शेवटचा काना. मग "दोनद", "दोनदा" आणि "दोनदाच" या तिन्ही शेवटांनी लॉगिन होते. या उदाहरणात नुकसान क्षुल्लक आहे, पण पासवर्डच्या आधी दुसरे काही जोडले की तेच मोठे होते. लॉगिन सेवा पुरवणाऱ्या ऑक्टा कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या दोषात युजर आयडी, युजरनेम आणि पासवर्ड एकत्र करून बीक्रिप्टला दिले जात होते. युजरनेम ५२ किंवा अधिक अक्षरांचे असेल तर पासवर्डचा वाटाच उरत नव्हता, आणि विशिष्ट परिस्थितीत पासवर्डविना प्रवेश शक्य होत होता.

आर्गॉन२आयडीला ही मर्यादा नाही, आणि मराठी पोर्टलसाठी तो निवडण्याचे हे एक स्वतंत्र कारण आहे. बीक्रिप्टच वापरायचा असेल तर ७२ बाइटांपुढचा पासवर्ड स्पष्ट संदेश देऊन नाकारावा. पीएचपीत त्यासाठी स्ट्रलेन वापरावे, कारण ते बाइट मोजते, तर एमबी_स्ट्रलेन चिन्हे मोजते. गो भाषेतील बीक्रिप्ट आणि पायथनच्या बीक्रिप्ट पॅकेजची ५.० आवृत्ती असा पासवर्ड स्वतःच नाकारतात. दुसरा मार्ग वर्डप्रेसने एप्रिल २०२५च्या ६.८ आवृत्तीत घेतला आहे: पासवर्डवर आधी एसएचए-३८४ चालवून त्याचा बेस६४ (फक्त साध्या अक्षर-अंक-चिन्हांत लिहिलेला) मजकूर बीक्रिप्टला दिला जातो. तो मजकूर ६४ अक्षरांचा असतो, म्हणजे ७२च्या आत बसतो. बेस६४ची पायरी गाळू नये. कच्च्या हॅशमध्ये शून्य बाइट आला की अनेक बीक्रिप्ट अंमलबजावण्या तिथेच थांबतात.

दुसरी अडचण त्याच पासवर्डातील "ऱ्या"ची आहे. ऱ हे चिन्ह युनिकोडमध्ये एकसंध लिहिता येते, किंवा र आणि नुक्ता असे दोन भागांत. शिवाय रफाराऐवजी असाच दिसणारा र, हलन्तानंतर अदृश्य शून्य-रुंदी जोडक टाकूनही मिळतो. स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात, बाइट मात्र वेगळे, आणि हॅश साहजिकच वेगळा. घरच्या संगणकावर ठेवलेला पासवर्ड मोबाइलवरून चालत नाही, अशी तक्रार त्यातून येते, आणि ती शोधणे कठीण जाते. उपाय असा, की हॅश करण्यापूर्वी पासवर्ड एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक एकसंध रूपात आणावा. आरएफसी ८२६५ हेच सांगते आणि पीएचपीत त्यासाठी इंटल एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर आहे. एनएफसी पहिली दोन रूपे एक करते, तिसरे करत नाही. म्हणून र, हलन्त आणि जोडक हा क्रम आढळल्यास त्याच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारी एक ओळ आपण स्वतः लिहावी. नोंदणी, लॉगिन आणि पासवर्ड बदल या तिन्ही ठिकाणी एकच फंक्शन वापरावे आणि ते पहिल्या दिवसापासून असावे. मागाहून बदलले तर आधीचे काही पासवर्ड चालेनासे होतात.

कमाल लांबीही ठरवून घ्यावी. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या मार्गदर्शकानुसार निदान ६४ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड तरी स्वीकारला गेला पाहिजे. वरची मर्यादा हजार बाइटांच्या आसपास ठेवणे सोयीचे. मर्यादाच नसेल तर काय होते ते जँगोने २०१३मध्ये अनुभवले: एक मेगाबाइटचा पासवर्ड पाठवला की पीबीकेडीएफ२ची तपासणी सुमारे एक मिनिट चालत असे, आणि सर्व्हर बंद पाडायला तेवढे पुरेसे होते.

लॉगिनचा क्रम

सभासद क्रमांकावरून ओळ शोधावी, पासवर्ड सामान्य रूपात आणावा, तपासावा, आणि तो बरोबर ठरला तर लगेच पासवर्ड_नीड्स_रीहॅशने विचारावे की ही ओळ सध्याच्या सेटिंगप्रमाणे आहे का. नसेल, तर हातात असलेल्या पासवर्डाचा नवा हॅश काढून साठवावा. पुढे मेमरी किंवा कॉस्ट वाढवायची झाली की केवळ आकडा बदलावा लागतो. सभासद जसजसे येतील तसतशा ओळी नव्या होत जातात. जँगो हे आपोआप करतो, लाराव्हेल ११पासून करतो, आणि स्प्रिंगमध्ये डेलिगेटिंग पासवर्ड एन्कोडर त्यासाठीच आहे.

सभासद क्रमांक सापडलाच नाही, तरीही एका ठरावीक बनावट हॅशशी तपासणी करावी. तसे न केल्यास चुकीच्या क्रमांकाला उत्तर चटकन येते आणि खऱ्या क्रमांकाला पाव सेकंदाने, आणि त्या फरकावरून कोण सभासद आहे याची यादी बाहेरून तयार करता येते. बनावट हॅश सध्याच्याच सेटिंगचा असावा.

प्रयत्नांची मर्यादा फक्त आयपी पत्त्यावर लावू नये. बिलाच्या दिवशी संस्थेच्या ऑफिसातल्या वायफायवरून तीस सभासद लॉगिन करतात, आणि मोबाइल नेटवर्कवर शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. खात्यावर कडक आणि पत्त्यावर सैल, अशी दुहेरी मर्यादा ठेवावी. आणि मोबाइल ॲप प्रत्येक मागणीसोबत पासवर्ड पाठवत असेल तर ते आधी बंद करावे. हॅशिंग लॉगिनच्या वेळी एकदाच व्हावे, पुढचे सर्व सत्राच्या टोकनवर चालावे.

एमडी५मधून बाहेर पडणे

सभासद लॉगिन करेल तेव्हा नवा हॅश करू, ही पद्धत सोपी आहे, पण अपुरी आहे. पाच हजारांपैकी कित्येकजण वर्षभर फिरकत नाहीत, आणि तोवर त्यांचे एमडी५ तक्त्यात तसेच पडून राहतात. म्हणून दोन टप्प्यांत जावे.

पहिल्या टप्प्यात जुन्या प्रत्येक एमडी५ मजकुरालाच पासवर्ड समजून त्यावर आर्गॉन२आयडी चालवावा, ओळ नव्या रकान्यात ठेवावी आणि शेजारच्या रकान्यात ही "गुंडाळलेली" नोंद असल्याची खूण करावी. यासाठी सभासदांची गरज नसते. पाच हजार ओळींचे काम काही मिनिटांचे आहे, ते रात्री करावे. लॉगिनच्या वेळी खूण असेल तर आलेल्या पासवर्डाचा आधी एमडी५ काढून मग तपासावे, आणि बरोबर निघाल्यास पासवर्डाचा थेट आर्गॉन२आयडी करून खूण काढून टाकावी. जुन्या कोडमध्ये पासवर्डचे आधी लोअरकेस होत होते का, कडेच्या मोकळ्या जागा छाटल्या जात होत्या का, हे पाहून गुंडाळलेल्या नोंदींपुरते तसेच वागावे. वर सांगितलेली एनएफसीची पायरीही या नोंदींना लावू नये.

गुंडाळलेली नोंद ही तात्पुरती व्यवस्था आहे. तोच सभासद तोच पासवर्ड दुसऱ्या एखाद्या गळती झालेल्या साइटवर वापरत असेल आणि तिथला सॉल्टविना एमडी५ बाजारात असेल, तर हल्लेखोर मूळ पासवर्ड न ओळखताही तो एमडी५ आपल्या ओळीवर तपासून पाहू शकतो. म्हणून सहा महिने किंवा वर्ष अशी मुदत ठरवून उरलेल्या नोंदी रद्द कराव्यात आणि त्या सभासदांना ओटीपीने पासवर्ड नव्याने ठेवायला लावावे.

आणि जुना एमडी५चा रकाना खरोखर काढून टाकावा. नुसते त्याचे नाव बदलून "बॅकअप" करणे म्हणजे काम न करणे होय. ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटच्या २०१५च्या गळतीत पासवर्ड बीक्रिप्टने, १२च्या कॉस्टवर, व्यवस्थित साठवलेले होते. परंतु लॉगिनच्या सोयीसाठी केलेल्या दुसऱ्या एका टोकनात लोअरकेस केलेल्या पासवर्डाचा एमडी५ मिसळलेला होता, आणि त्या वाटेने १ कोटी १० लाखांहून अधिक पासवर्ड फुटले. आपल्या कोडमध्ये एमडी५ आणि एसएचए-१ हे शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी त्यांना काय दिले जाते ते पाहावे. "लक्षात ठेवा"ची कुकी आणि जुन्या मोबाइल ॲपची की ही दोन ठिकाणे विशेष संशयास्पद असतात. स्थलांतरापूर्वीचे डेटाबेस बॅकअपही मुदत घालून नष्ट करावेत, एखाद्याच्या पेनड्राइव्हवरच्या प्रतीसह.

पेपर घ्यावा का

पेपर म्हणजे डेटाबेसच्या बाहेर ठेवलेली गुप्त की, जी एचमॅक या की घेऊन हॅश काढण्याच्या पद्धतीने पासवर्डात मिसळून मग हॅश केले जाते. फक्त डेटाबेस चोरीला गेला, तर त्या कीशिवाय अंदाज तपासता येत नाहीत, हा फायदा मोठा आहे. पण की हरवली तर पाच हजार पासवर्ड एकदम निकामी होतात, आणि की बदलायची तर प्रत्येक ओळीसोबत कीची आवृत्ती नोंदवावी लागते. ज्या कंपनीत सर्व्हरचे पासवर्ड अजून व्हॉट्सॲपवर फिरतात, तिने आधी ते थांबवावे. पेपरचे नंतर पाहू.

आजूबाजूच्या गळत्या आणि कायदा

हॅशिंग अचूक असूनही पासवर्ड लॉगमध्ये उघडा पडलेला असू शकतो. चुकलेल्या मागणीचा संपूर्ण मजकूर लिहिणारा लॉग, एररच्या वेळी फंक्शनचे आर्ग्युमेंट दाखवणारा स्टॅक ट्रेस आणि तिसऱ्या कंपनीकडे जाणारा एरर-रिपोर्ट, हे तिन्ही तपासावेत. पीएचपी ८.२पासून सेन्सिटिव्ह पॅरामीटर ही खूण लावता येते, ज्यामुळे ट्रेसमध्ये ते मूल्य झाकले जाते. विसरलेल्या पासवर्डसाठीचे टोकन किमान १६ यादृच्छिक बाइटांचे असावे आणि डेटाबेसमध्ये त्याचा एसएचए-२५६ ठेवावा. ते मुळातच अंदाजापलीकडचे असल्यामुळे त्याला आर्गॉन२ची गरज नाही. एसएमएसवर नवा पासवर्डच पाठवणे बंद करावे.

संस्थेच्या सचिवांना हा खर्च पटवताना कायद्याचा आधार उपयोगी पडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११च्या नियमांत पासवर्ड हा संवेदनशील वैयक्तिक माहितीत स्पष्टपणे मोडतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे डेटा गळतीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात; तेव्हा त्या लॉगमध्ये पासवर्ड नसणे अधिकच महत्त्वाचे.

सर्व बसवून झाल्यावर काही तपासण्या स्वयंचलित टेस्टमध्ये घालाव्यात. एकाच पासवर्डाच्या दोन सभासदांच्या ओळी वेगळ्या आल्या पाहिजेत. "पांढऱ्या रश्शाची वाटी दोनदा" ठेवून "दोनद"ने लॉगिन होता कामा नये, आणि ऱ्याच्या तिन्ही रूपांनी झाले पाहिजे. गुंडाळलेल्या नोंदीने एकदा लॉगिन केल्यावर खूण गेलेली असावी. दोन हजार बाइटांचा पासवर्ड हॅशपर्यंत पोहोचण्याआधीच नाकारला जावा. सर्व्हर बदलला, मेमरी वाढली किंवा पीएचपीची मोठी आवृत्ती आली, की मोजणी पुन्हा करून आकडे वर न्यावेत, आणि त्यानंतरच्या पहिल्या बिलाच्या सकाळी सात ते आठ या वेळेत मेमरीचा आलेख उघडून बसावे.